गरम वस्तू, गार मूठ



गेल्या दिवाळीत ओव्हनमधून नानकटाईचा ट्रे काढायचा होता. हातमोजे सापडेनात, म्हणून मी बेसिनजवळचे फडके उचलले. फडके चांगले जाड होते, त्याच्या चार घड्याही केल्या होत्या. पण ते ओले होते. दोन पावले टाकते न टाकते तोच तळहाताला असा चटका बसला की ट्रे खाली आणि नानकटाई जमिनीवर! वीस मिनिटे हात नळाच्या गार पाण्याखाली धरून उभी राहिले. तेव्हा माझ्या मुलाने विचारले, "आई, काल याच फडक्याने ट्रे काढलास. मग आजच कसे भाजले?"

प्रश्न बरोबर होता. त्याचे उत्तर शोधता शोधता हा लेख तयार झाला.

आधी एक गंमत करून पाहा. वर्गातल्या टेबलाच्या लोखंडी पायाला एक हात लावा आणि लाकडी फळीला दुसरा. लोखंड गार लागते, लाकूड तितके गार लागत नाही. खरे तर दोन्ही एकाच खोलीत आहेत, म्हणून दोघांचे तापमान सारखेच आहे. फरक एवढाच की लोखंड आपल्या हातातली उष्णता भराभर ओढून नेते आणि लाकूड हळूहळू नेते. वस्तू तापलेली असली की हेच उलट घडते. लोखंड आपली उष्णता भराभर हाताला देते, लाकूड सावकाश देते. म्हणजे चटका नुसत्या तापमानामुळे बसत नाही. उष्णता हातापर्यंत किती वेगाने पोचते, यावरही तो अवलंबून असतो.

शास्त्रज्ञांनी हा वेग मोजला आहे. आकडा जितका मोठा, तितकी उष्णता लवकर वाहते. हे आकडे ढोबळ आहेत:

तांबे – 400
अॅल्युमिनियम – 235
लोखंड – 80
स्टेनलेस स्टील – 15
काच – 1
पाणी – 0.6
लाकूड – 0.15
कॉर्क – 0.04
स्थिर हवा – 0.025

शेवटची ओळ पुन्हा वाचा. या यादीत उष्णता अडवण्यात सर्वांत हुशार कोण, तर हवा, आणि ती फुकट मिळते! फक्त ती एका जागी कोंडून ठेवावी लागते, कारण मोकळी हवा फिरते आणि फिरताना उष्णता बरोबर नेते. लोकरीचा स्वेटर, रजई, कॉर्क, कोरडे फडके ही सगळी हवा कोंडणारी साधने आहेत. आता माझ्या फडक्याचे कोडे सुटले. कोरड्या फडक्याच्या धाग्यांमध्ये हवा होती. ओल्या फडक्यात त्या हवेच्या जागी पाणी शिरले, आणि पाणी स्थिर हवेपेक्षा सुमारे चोवीसपट वेगाने उष्णता पोचवते.

मग मूठ, मोजा किंवा टेबलावरची चटई कशाची घ्यावी? त्यासाठी तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हा पदार्थ ताप सोसतो का? दुसरा, उष्णता हातापर्यंत हळू पोचवतो का? तिसरा, खिशाला परवडतो का?

थर्मोकोल स्वस्त आहे आणि हाताला पोळत नाही, पण 100 अंशांच्या आसपासच तो मऊ पडतो. पहिल्या प्रश्नात नापास. अॅल्युमिनियम ताप सोसते, पण उष्णता लगेच हातात देते. दुसऱ्या प्रश्नात नापास. अमेरिकेच्या स्पेस शटलला (1981 ते 2011) सिलिकाच्या तंतूंच्या फरश्या लावल्या होत्या. त्यांत बहुतांश हवाच असे. भट्टीतून लालबुंद निघालेली फरशी काही सेकंदांतच कडांना धरून उघड्या हाताने उचलता येई. पहिल्या दोन प्रश्नांत पैकीच्या पैकी गुण! पण आपल्या स्वयंपाकघरासाठी तिची किंमत कोण देणार?

तिन्ही प्रश्नांत पास झालेला एक पदार्थ मात्र या देशात घरोघरी होता. त्याचे नाव अॅस्बेस्टॉस. इस्त्री ठेवायच्या पट्ट्या, गॅसवर ठेवायच्या चकत्या, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या जाळ्या अशा कितीतरी वस्तूंत तो असे. पण त्याचे बारीक तंतू श्वासाबरोबर फुफ्फुसांत जातात आणि कित्येक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. ब्रिटनमध्ये निळ्या व तपकिरी अॅस्बेस्टॉसवर 1985 मध्ये आणि पांढऱ्यावर 1999 मध्ये बंदी आली. जुन्या इमारतींत तो अजूनही आहे, म्हणून जुना पत्रा किंवा पट्टी कधी फोडू नका. यावरून आपल्याला चौथा प्रश्न मिळाला: तो निर्धोक आहे का?

याच देशातली आणखी एक गोष्ट ऐका. हार्टलपूलचे मॉरिस वॉर्ड हे पूर्वी केशकर्तनकार होते, पुढे प्लॅस्टिकच्या धंद्यात शिरले. 1985 मध्ये मँचेस्टर विमानतळावर एका विमानाला आग लागून 55 माणसे दगावली. अनेकांचा जीव विषारी धुराने गेला. त्यानंतर वॉर्ड न जळणाऱ्या पदार्थाच्या शोधाला लागले आणि त्यांनी 'स्टारलाइट' बनवले. 1990 मध्ये बीबीसीच्या 'टुमॉरोज वर्ल्ड' कार्यक्रमात स्टारलाइटचा लेप दिलेल्या अंड्यावर काही मिनिटे ब्लोटॉर्चची ज्योत धरली. मग अंडे फोडले, तर आत कच्चेच! परंतु वॉर्ड यांनी कृती कधी जाहीर केली नाही आणि 2011 मध्ये ते वारले. 2018 मध्ये एका हौशी प्रयोगकर्त्याने कॉर्नफ्लोअर, खायचा सोडा आणि पीव्हीए गोंद यांपासून त्याच्यासारखा लेप करून दाखवला. तापल्यावर कुरडई तेलात फुगते तसा हा लेप फुगतो, वरून कोळशासारखा होतो आणि त्या फुगलेल्या जाळीत वायू कोंडला जातो. म्हणजे इथेही किमया कोंडलेल्या वायूचीच. (हा प्रयोग ज्योतीचा आहे. घरी मुळीच करू नका.)

वॉर्ड यांच्या मनात विमानातल्या माणसांचे प्राण होते, पण कृती गुप्तच राहिली आणि त्यांचे स्टारलाइट कोणाच्या उपयोगी पडले नाही. आपल्या घरातला शोध मात्र गुप्त नाही. लाकडी मुठीची उलथणी, कॉर्कची चटई, सिलिकॉनचा मोजा (किती अंशांपर्यंत चालतो ते वेष्टनावर पाहून घ्यावे) आणि घडी केलेले कोरडे फडके चारही प्रश्नांत पास होतात. मोजा असो वा फडके, हातात घेण्यापूर्वी ते ओले नाही ना, हे चाचपून पाहा. माझ्यासारखी नानकटाई जमिनीवर जायला नको!

स्वाध्याय: मोठ्या माणसाला मदतीला घ्या. एका मगमध्ये स्टीलचा, लाकडाचा आणि प्लॅस्टिकचा असे सारख्या लांबीचे तीन चमचे उभे करा. प्रत्येकाच्या वरच्या टोकाला लोणी लावून त्यात एकेक वाटाणा चिकटवा. मोठ्यांना मगमध्ये गरम पाणी ओतायला सांगा. कोणता वाटाणा आधी पडला आणि का, हे पाच वाक्यांत लिहून पुढच्या शनिवारी वर्गात आणा.

शब्दार्थ: चटका – भाजल्याची झणझणीत वेदना, ढोबळ – अंदाजे, निर्धोक – ज्यात धोका नाही असा, दगावणे – मरण पावणे, वेष्टन – वस्तूभोवतीचे आवरण.

– एक पालक