इंग्रजीच्या तासाला मराठी: अडसर की आधार?

आजचा विषय इंग्रजी शिकवण्याचा आहे. पण मी बरंचसं बोलणार आहे ते मराठीबद्दल. का, ते ओघात येईलच.

2000 सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकवलं जाऊ लागलं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. म्हणजे आज दहावी होणारं मूल दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. तरी अकरावी सायन्सच्या वर्गात गेलं की अनेकदा तेच मूल गप्प होतं. प्रकाशसंश्लेषण त्याला पक्कं समजलेलं असतं. ‘फोटोसिंथेसिस’वर शंका विचारायला मात्र तोंड उघडत नाही. हे बघून आईवडील धाकट्याला इंग्रजी माध्यमात घालतात. तेव्हा हा प्रश्न एका विषयाच्या मार्कांपुरता नाही.

यावर एक उपाय हमखास सुचवला जातो: इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्दही नको. दुसरं टोक आपल्याकडे जुनंच आहे, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचं. वाक्य घ्या, भाषांतर करा. त्या वाटेनं वाचणारे-लिहिणारे तयार झाले. बोलण्याचा सराव मात्र तिच्यात कमी. आपण दोन्ही टोकं जरा बाजूला ठेवू आणि मुलं नेमकं काय चुकतात ते बघू.

‘मी घरी जातो.’ आता प्रश्न विचारा: ‘तू कुठे जातोस?’ ‘घरी’च्या जागी ‘कुठे’ आलं, बाकी क्रम तोच. इंग्रजीत मात्र प्रश्नशब्द उचलून पुढे न्यावा लागतो, शिवाय ‘यू’ आणि ‘आर’ यांची अदलाबदल करावी लागते. म्हणून मूल ‘व्हेअर यू आर गोइंग?’ म्हणतं. हा निष्काळजीपणा नाही. मुलानं मराठीचा नियम इमानानं पाळलाय! दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी लिहा आणि फरक मुलांनाच शोधू द्या. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरं उदाहरण ‘अ’ आणि ‘द’चं. मराठीत आर्टिकल नाही, असं आपण सांगतो आणि पुढे जातो. पण गोष्ट कशी सांगतो आपण? ‘एक राजा होता. त्या राजाला दोन मुली होत्या.’ पहिल्यांदा ओळख करून देताना ‘एक’, ओळख झाल्यावर ‘त्या’. कल्पना मुलाकडे आधीच आहे. फरक इतकाच, की मराठीत नुसतं ‘राजा म्हणाला’ चालतं, इंग्रजीत तिथेही ‘द’ लागतो. मुलं नेमका तिथेच तो गाळतात. म्हणजे सराव कुठे द्यायचा, हेही मराठीनंच सांगितलं.

पण नियम समजला म्हणजे भाषा आली, असं होत नाही. सायकल कशी चालते हे ऐकून कुणी सायकल शिकत नाही. इथे एन. एस. प्रभू यांचं काम आठवायला हवं. 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत त्यांनी जो प्रयोग केला, तो ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून ओळखला जातो. नियम घोकण्याऐवजी मुलांना नकाशे, वेळापत्रकं अशी कोडी इंग्रजीतून सोडवायला दिली. लक्ष अर्थावर असलं की भाषा नकळत रुजते, हा त्यामागचा विचार. आधी शिक्षक एक कोडं सगळ्या वर्गाबरोबर सोडवत, मग तसंच दुसरं मुलं आपापली सोडवत. मोठमोठी वाक्यं बोलायची सक्ती नव्हती.

आपल्याला हे सहज जमेल. एस.टी.चं वेळापत्रक फळ्यावर लिहा. इंग्रजीत विचारा: साताऱ्याला दहाच्या आत पोचायचंय, तर कुठली गाडी धरावी? उत्तर एका शब्दात आलं तरी चालेल. कोडं चालू असताना प्रत्येक चूक पकडू नका. मूल पुन्हा गप्प होईल. चुका टिपून ठेवा, शेवटची पाच मिनिटं त्यांना द्या, आणि ती खुशाल मराठीत द्या.

थोडक्यात, समजावायला मराठी आणि वापरायला इंग्रजी. नववी-दहावीत अशी कोडी विज्ञानाच्या धड्यांवर घालता येतील. ‘फोटोसिंथेसिस’ हा शब्द मुलाच्या तोंडी अकरावीच्या आधीच बसला, तर ते पहिल्या बाकावरून हात वर करील.