पोटरीभोवतीची मोजपट्टी

१९६० साली ब्रिस्टलच्या बॅरिट आणि जॉर्डन या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक लहानसा अभ्यास छापला. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्याचं निदान झालेल्या ३५ रुग्णांपैकी १६ जणांना रक्त पातळ करणारी औषधं दिली, १९ जणांना नाही. औषध न मिळालेल्यांपैकी ५ जण गुठळीनं दगावले. मिळालेल्यांत त्या कारणानं एकही नाही. तुलना तिथंच थांबली. उपचार तर सापडला. पण रोगी ओळखायचा कसा?

कारण फुप्फुसात अडकलेली ही गुठळी, म्हणजे पल्मनरी एम्बोलिझम, वेश पालटून येते. धाप, श्वास घेताना छातीत कळ, धावती नाडी. हीच लक्षणं न्यूमोनियाची, हृदयविकाराची आणि नुसत्या घाबरण्याचीही. घरचे म्हणतात, गॅस झालाय. ईसीजीतली १९३५ पासून पाठ केली जाणारी खास खूणही बहुतेकांत दिसत नाही. बऱ्याचदा दिसते ती फक्त वाढलेली नाडी.

मग सगळ्यांचीच डी-डायमर, म्हणजे रक्तातली गुठळीची खूण शोधणारी, तपासणी करावी? इथंच कॅज्युअल्टीचं खरं कसब लागतं. हा आकडा गरोदरपणात वाढतो, जंतुसंसर्गात वाढतो, ऑपरेशननंतर वाढतो आणि वयानंही वाढतो. आणि तो वाढलेला दिसला की पुढची पायरी सीटी. सरसकट तपासलं तर निम्मा वॉर्ड सीटीच्या रांगेत उभा राहील, किरणोत्सर्ग आणि डाय अंगावर घेत.

म्हणून कॅनडातल्या फिलिप वेल्स यांनी गुणपत्रिका बनवली. नाडी १०० च्या वर असेल तर दीड गुण. आधी गुठळी झाली असेल तर दीड. चार आठवड्यांतलं ऑपरेशन किंवा अंथरुणाला खिळणं, दीड. खोकल्यातून रक्त आणि कर्करोग, एकेक. पायात गुठळीची चिन्हं असतील तर थेट तीन. ती चिन्हं बघायला यंत्र लागत नाही. पोटरी दाबून दुखते का पाहायचं, गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली शिंप्याची असते तशी टेप गुंडाळायची, मग दुसऱ्या पायाला. फरक ३ सेंटिमीटरहून जास्त निघाला की डॉक्टर सावध होतो. बेरीज चारपेक्षा जास्त असेल तर सरळ सीटी. नाहीतर आधी डी-डायमर.

उरलेले तीन गुण मात्र ‘दुसऱ्या कुठल्याही रोगापेक्षा हाच जास्त संभवतो’ या डॉक्टरच्या मताला! शास्त्रशुद्ध तक्त्यातला एवढा मोठा वाटा अंदाजाचा. मला ही त्रुटी वाटत नाही, प्रामाणिकपणा वाटतो.

अमेरिकेत जेफ्री क्लाइन यांनी २००४ मध्ये याहून पुढचा प्रश्न विचारला: रक्तही कुणाचं काढू नये? संशय मुळातच कमी असेल आणि त्यांच्या आठही अटी पुऱ्या होत असतील, तर तपासणीच नको. पन्नाशीच्या पुढे डी-डायमरची मर्यादाही आता वयाच्या दहापट धरतात. सत्तरीत नेहमीच्या ५०० ऐवजी ७००.

रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला यातलं काही लागू नाही. तिथं गुणांची बेरीज करत बसायला वेळ नसतो. खाटेपाशीच इको करतात आणि उपचार सुरू होतात.

क्लाइन यांच्या आठ अटींतली एक इस्ट्रोजेनचं औषध चालू नसण्याची आहे. सणावारी पाळी पुढं ढकलायला आपल्याकडे घेतात त्या नोरेथिस्टेरॉनच्या गोळीचाही थोडा अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. ही गोळी, गेल्या महिन्यातलं गुडघ्याचं ऑपरेशन, एकाच पायाची सूज यांतलं काही ऑक्सिमीटरवर उमटत नाही. तेव्हा धाप लागून कॅज्युअल्टीत जायची वेळ आलीच, तर कुणी विचारायची वाट न बघता हे आधी सांगा.