दोष कोणत्या कलमात बसतो?



ऑडिट म्हटले की आपल्याला हिशेबाचे ऑडिट आठवते. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेती खात्याचे जे झाले ते वेगळे. आय.एस.ओ. ९००१ या गुणवत्ता मानकाप्रमाणे कारखान्याला स्वतःच स्वतःची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. तपासणारा निःपक्षपाती हवा, असे कलम ९.२ सांगते. म्हणून आमचे दप्तर आम्ही तपासले नाही, प्रयोगशाळेतले केमिस्ट तपासायला आले. नाहीतर आपलेच दात आणि आपलेच ओठ!

त्यांना एक गोष्ट सापडली. एका आडसाली उसाची लागण तारीख गट ऑफिसच्या वहीत १२ जुलै होती आणि मुख्य ऑफिसच्या तोडणी यादीत १२ सप्टेंबर. म्हणजे यादीत तो ऊस पूर्वहंगामी ठरला. नोव्हेंबरात जायचा तो फेब्रुवारीपर्यंत उभा राहिला. तुरा आला, कांडी पोकळ पडली, वजन घटले, आणि गव्हाचे रान अडकले ते निराळेच. त्या सभासदाने आम्हाला काय काय ऐकवले ते इथे छापण्यासारखे नाही, पण त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही.

आता हा दोष मानकाच्या कोणत्या कलमाखाली लिहायचा? पहिल्या खेपेला 'कारकुनाचे ज्ञान कमी' म्हणून ७.२ लिहिले गेले. ते कलम माणसाच्या पात्रतेचे. तसेच राहिले असते तर उपाय काय, तर कारकुनाला दोन दिवसांचे प्रशिक्षण! कारकुनाला बोलावून विचारले तेव्हा खरे कळले. नोंद मुळात चुकीची झाली होती. सभासदाने सांगताच त्याने आपल्या वहीत तारीख दुरुस्त केली, पण ती दुरुस्ती वर कळवायची रीतच आपल्याकडे नव्हती. नवा माणूस बसवला असता तरी हेच घडले असते. मग दोष ७.५.३ खाली गेला. कागदात केलेला बदल ताब्यात ठेवा आणि बरोबर माहिती जिथे लागते तिथे पोचवा, असे ते कलम २०१५ च्या आवृत्तीत सांगते. आता दुरुस्तीची चिठ्ठी दोन प्रतींत निघते, एक वहीला, एक यादीला.

वजनकाट्याचेही असेच. काट्यावर वैधमापनाचा शिक्का होता, पण हंगामात मधूनमधून प्रमाण वजने ठेवून पाहिल्याची नोंद काही दिवसांची नव्हती. हे कुणी 'देखरेख कमी' म्हणून ९.१ मध्ये टाकले, तर नोंद लिहायला सुरुवात केली की काम संपले. ७.१.५.२ मात्र तेवढ्यावर सोडत नाही. मोजण्याचे साधन बिघडलेले आढळले, तर आधी केलेल्या मोजणीवर त्याचा परिणाम झाला का, हेही पाहायला लावते. तुमच्या गाड्या आदल्या आठवड्यात ज्या काट्यावरून गेल्या, त्या वजनाचे काय, हा प्रश्न तिथून उभा राहतो. आपला काटा तपासला तेव्हा बरोबर निघाला. तसा नसता, तर मागच्या पावत्या उघडाव्या लागल्या असत्या.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. काही जण एका दोषापुढे पाच-सहा कलमे लिहून ठेवतात, एखादे तरी लागू पडेल म्हणून. शेतात दिसेल त्या रोगावर तीन औषधे एकत्र फवारण्यातला प्रकार. आमच्याकडे आता एकच कलम लिहायचे आणि त्यातला कोणता शब्द मोडला तो शेजारी लिहायचा, असे ठरले आहे. शब्द सापडला नाही, तर तो दोष नव्हे, फार तर सूचना.

यंदाच्या नोंदीच्या पावत्या गट ऑफिसात तयार आहेत. गट नंबर, जात आणि लागण तारीख वाचूनच सही करावी. चूक दिसली तर चिटबॉयला तोंडी सांगून न थांबता दुरुस्तीची चिठ्ठी मागून घ्यावी. तिची एक प्रत आमच्याकडे यादीला लागल्याशिवाय तुमची पाळी बदलत नाही.

— ऊस विकास अधिकारी