फलादेशाचे ग्रंथ : कोणता कशासाठी

जन्मवेळच्या चंद्रनक्षत्रावरून १२० वर्षे नऊ ग्रहांत वाटून देणारी विंशोत्तरी दशा ‘बृहत्पाराशरहोराशास्त्रा’त सविस्तर येते; वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील ‘बृहज्जातका’तही दशाविचार आहे, पण तो आयुर्दायावर, म्हणजे ग्रहांनी दिलेल्या आयुष्यवर्षांवर, आधारलेला आहे.

वर्षफळ, म्हणजे सूर्य दरवर्षी जन्मकालीन अंशावर परततो त्या क्षणाच्या कुंडलीवरून पाहिलेले फळ, हा नीलकंठाच्या ‘ताजिकनीलकंठी’चा (१५८७) विषय असून त्यातील मुंथा हा बिंदू वर्षाला एक रास सरकतो.

कृष्णमूर्ती पद्धतीत राशिचक्राचे २४९ भाग करून उपनक्षत्रस्वामी पाहतात. तिचा अयनांश, म्हणजे सायन आणि निरयन राशिचक्रांच्या आरंभांतील अंतर, लाहिरी अयनांशापेक्षा सुमारे ६ कला कमी असल्याने लाहिरी अयनांशाच्या पंचांगातील ग्रहस्पष्ट तिला जसेच्या तसे चालत नाहीत.

शं. बा. दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६), नावावरून काहीही वाटले तरी, मुख्यतः ज्योतिर्गणिताचा इतिहास आहे.