स्त्रियांच्या मासिकांची नावे : एक भाषिक टिपण

जुन्या मराठी स्त्री-मासिकांचा अभ्यास करताना त्यांतील लेखांचे विषय प्रथम पाहिले जातात : शिक्षण, विवाह, आरोग्य, अर्थार्जन. त्यांवरून समाजाची दृष्टी कळते, यात शंका नाही. परंतु मजकुराच्याही आधी दृष्टीस पडते ते मासिकाचे नाव. वाचणारी स्त्री कोण, याविषयीचे गृहीत त्या एका शब्दात सामावलेले असते. प्रस्तुत टिपणात अशा काही नावांचा विचार करावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'आर्यभगिनी' व 'गृहिणी' ही मासिके निघाली. ही दोन्ही नावे संबंधदर्शक आहेत. भगिनी ही कोणाची तरी भगिनी असते; गृहिणी ही घराच्या संबंधानेच गृहिणी ठरते. दोन्ही शब्द आदराचे खरे. पण तो आदर व्यक्तीपेक्षा तिच्या नात्याला व स्थानाला आहे.

१९३० साली शं. वा. किर्लोस्कर यांनी किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' मासिक सुरू केले. या नावात ना नाते आहे, ना घर. कुमारिका, विवाहिता, विधवा, परित्यक्ता या सर्वांना ते सारखेच लागू पडते. मात्र मुखपृष्ठावरील शब्द बदलला म्हणजे भाषाव्यवहार बदलला असे होत नाही. पुरुषाच्या नावाआधीचे 'श्री.' त्याच्या विवाहाविषयी काहीच सांगत नाही, 'कु.' आणि 'सौ.' मात्र स्त्रीची वैवाहिक स्थिती तिच्या नावाच्याही आधी जाहीर करतात.

यापुढील टप्पा 'मिळून साऱ्याजणी' हा होय. १९८३ ते १९८६ या काळात 'स्त्री'च्या संपादक असलेल्या विद्या बाळ यांनी हे मासिक १९८९ साली सुरू केले. या नावाचे मर्म व्याकरणात आहे. 'मी लिहिते' आणि 'मी लिहितो' यांत लिंगभेद स्पष्ट दिसतो; अनेकवचनी 'आम्ही लिहितो' यात तो लोपतो. 'आम्ही' म्हणताच स्त्रियांचा समूह क्रियापदातून दिसेनासा होतो. 'जणी' हा शब्द त्याला पुन्हा दृश्य करतो. शिवाय येथे संबंध आहे तो पुरुषाशी वा घराशी नसून स्त्रियांचा परस्परांशी आहे.

तथापि 'साऱ्या' या विशेषणाची व्याप्ती तपासल्यावाचून हा इतिहास प्रगतीचा सरळ आलेख मानणे योग्य नव्हे. मासिक मुळात वाचता येणारीच्याच हाती पडते. ज्यांच्यापर्यंत अक्षर पोहोचले नाही, त्या या 'साऱ्यां'त कितपत होत्या? म्हणून अभ्यासकांनी जुने अंक चाळताना लेखांबरोबर संबोधने, नावांपूर्वीच्या उपाध्या आणि वाचकपत्रांखालील सह्याही टिपून घ्याव्यात. स्त्रीला कोणी काय उपदेश केला हे लेख सांगतात. तिने स्वतःला काय म्हटले, हे त्या सह्यांत सापडण्याचा संभव अधिक.