माळवद, माडी आणि स्लॅब : सोलापूरच्या घरांची स्थित्यंतरे

सोलापूरच्या कसबा भागातील एखाद्या जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा मे महिन्याच्या दुपारी ओलांडला, की बाहेरचे बेचाळीस अंशांचे ऊन ढेलजेतच थांबते. हा गारवा कोणा यंत्राचा नव्हे. तो दोन-अडीच हात रुंदीच्या भिंतींचा आणि डोक्यावरच्या मातीचा आहे. आता असे वाडे बोटांवर मोजण्याइतके उरत चालले असून, उरलेल्यांपैकी अनेकांच्या दारी वाटणीचा अथवा पाडकामाचा प्रश्न उभा आहे.

या प्रदेशात पाऊस बेताचा आणि ऊन कडक. कोकणातल्यासारखे उतरते छप्पर येथे आवश्यक नव्हते. म्हणून सपाट मातीचे छत, म्हणजेच माळवद, रूढ झाले. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर फळ्या किंवा किलचण, त्यावर पाला आणि शेवटी पांढऱ्या चिकण मातीचा थर, अशी त्याची रचना. पाणी पन्हळीवाटे खाली येई आणि उजेड छतातल्या साण्यातून उतरे. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण, आणि घराचे मापही खणांतच सांगत. ‘घर किती खणांचे?’ हा प्रश्न सोयरीक ठरवतानाही विचारला जाई आणि त्याच्या उत्तरातून बरेच काही कळे.

व्यापारी कुटुंबाच्या घराची मांडणी त्याच्या हिशेबासारखीच चोख असे. रस्त्याच्या अंगाला पेढी, तिच्यामागे ढेलज, मग चौक, सोपा, माजघर. गिऱ्हाईक पेढीपर्यंत, आडत्या ढेलजेपर्यंत, सोयरा सोप्यापर्यंत, माजघरात घरचेच. धान्यासाठी भिंतीत बळद, अंगणात पेव. जैन घरांत आणखी दोन गोष्टींकडे बारकाईने पाहिले जाई. सूर्यास्तापूर्वीचे भोजन असल्याने स्वयंपाकघरात उतरत्या दुपारचा उजेड हवा. आणि पाणी गाळल्यावर गाळण्यातील जिवाणी ज्या पाण्यातली त्याच पाण्यात परत सोडायची, म्हणून वाड्याचा स्वतःचा आड हवा. नळ आला तेव्हा सोय झाली, पण जिवाणी परत कोठे सोडायची, याचे समाधानकारक उत्तर कोणत्याही वास्तुशिल्पज्ञाने दिलेले नाही.

१८६० मध्ये रेल्वे आली आणि १८७७ मध्ये पहिली कापड गिरणी उभी राहिली, तिथून शहराचा चेहरा पालटला. रेल्वेच्या वाघिणींतून शहाबादी फरशी, लोखंडी गर्डर, मंगलोरी कौले आणि रंगीत काचा आल्या. शेणाने सारवलेल्या जमिनीवर फरशी बसली. माळवदावर माडी चढली आणि माडीला रस्त्याकडे झुकणारा सज्जा आला. ऐश्वर्य पूर्वी भिंतीआड असे, ते आता रस्त्यावरून दिसू लागले. या नव्या वृत्तीचा कळस म्हणजे अप्पासाहेब वारद यांची ‘इंद्रभुवन’ ही वास्तू. पुढे महापालिकेचा कारभार कित्येक वर्षे तेथून चालला. त्याच काळात शहराच्या पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची घरे वाढत होती. तेथे पुढच्या खोलीत माग आणि मागे संसार. पेढी आणि घर एका छपराखाली ठेवण्याचाच हा दुसरा प्रकार. गिरणी कामगारांच्या वाट्याला मात्र चाळीतली एक खोली आली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. शेजारच्या लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे गेली. बहुतेक जण आपल्याच घराच्या दगडमातीखाली. दोष माळवदाच्या मूळ कल्पनेत नव्हता, पण तो पिढ्यान्‌पिढ्या साचत गेला होता. दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी नवी माती टाकायची, जुनी मात्र काढायची नाही. छताचा भार वाढतच जाई. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या थरांना जोडणारे आरपार दगड अनेक ठिकाणी घातलेलेच नव्हते, त्यामुळे हादऱ्यात भिंती मधोमध फाटल्या. मात्र ज्या घरांची लाकडी खांब-तुळयांची चौकट भक्कम होती, तेथे भिंती बाहेर कोसळल्या तरी पुष्कळदा छत खांबांवर तोलून राहिले आणि आतली माणसे वाचली. ही बाब तज्ज्ञांनी नोंदवली. भयभीत लोकांनी ती ऐकली नाही, आणि त्यात नवल नाही. माळवदे उतरवून पत्रे चढले. पत्र्याखाली उन्हाळ्यात बसवत नाही आणि पावसात बोलणे ऐकू येत नाही, तरी रात्री निर्धास्त झोप लागते, हे मोल लहान नव्हे.

शहरातील वाड्यांना भूकंपापेक्षा वारसाहक्काने अधिक हादरे दिले. एका खातेउताऱ्यावर दहा-बारा नावे, त्यांतली निम्मी पुण्या-मुंबईत. खालच्या मजल्यावर नाममात्र भाड्याचे जुने भाडेकरू. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा याचा निकाल नाही. मूल्यांकन करणारा जागेची किंमत लाखांत लिहितो आणि बांधकामापुढे जवळपास शून्य मांडतो. कर्जही पाडून बांधण्यासाठी सहज मिळते, जपण्यासाठी नाही. हिशेबाच्या दृष्टीने हे बिनचूक असले, तरी त्या शून्यात शंभर वर्षांचे सागवान बसलेले असते. जुन्या लाकडाचा व्यापारी ते घनफुटाच्या भावाने उचलतो आणि तेच कोरीव खांब एखाद्या हॉटेलच्या दर्शनी भागात उभे राहतात. त्यांची किंमत तेथे गेल्यावरच वाढते.

शहराबाहेर कुंभारी येथे विडी कामगार महिलांसाठी १०,००० घरांची वसाहत झाली. नंतर तेथेच रे नगर प्रकल्पातील १५,००० घरांचे १९ जानेवारी २०२४ रोजी लोकार्पण झाले. भाड्याच्या खोलीत आयुष्य गेलेल्या बाईला स्वतःच्या नावाचे दार मिळणे, याची तुलना वाड्याच्या गारव्याशी करणे अन्यायाचे ठरेल. काँक्रीटने ते शक्य केले. मात्र दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता ओकत राहतो, आणि ज्याला परवडते तो वातानुकूलन यंत्र लावतो.

ज्यांच्याकडे अजून वाडा आहे आणि निर्णय व्हायचा आहे, त्यांनी पाडकामाचा ठेका देण्यापूर्वी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. जाणत्या सुताराकडून तुळयांची टोके भिंतीत कुजली आहेत की नाहीत, हे पाहावे. वाळवी आणि ओल तिथेच आधी शिरते. आणि अभियंत्याकडून माळवदावरील मातीची जाडी मोजून घ्यावी. जादा माती उतरवून, भिंतींना आरपार बांध घालून आणि वर गळतीरोधक थर देऊन वाडा राहता ठेवता येतो. याचा खर्च नव्या बांधकामाच्या तुलनेत किती येतो, त्याचे अंदाजपत्रक वाटणीच्या बैठकीपूर्वी सर्व वारसांच्या हाती असावे.