पन्नाशीनंतर प्रोस्टेट का वाढते?

पन्नाशी उलटली की केस पिकतात, दात हलू लागतात, नजर मंदावते. वयाबरोबर शरीर झिजते, हा आपला अनुभव. पुरुषाच्या शरीरातील एक ग्रंथी मात्र उतारवयातच वाढू लागते. तिचे नाव प्रोस्टेट, म्हणजे पुरस्थ ग्रंथी.

मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून ही ग्रंथी असते. तिच्यातील द्रव वीर्यात मिसळतो. तरुणपणी ती मोठ्या आवळ्याएवढी, सुमारे २० ग्रॅम वजनाची असते. चाळिशीनंतर नलिकेला लागून असलेल्या भागातील पेशी हळूहळू वाढू लागतात. साठीपर्यंत सुमारे निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीनंतर दहापैकी आठ-नऊ जणांत ही वाढ आढळते. त्रास मात्र सर्वांनाच होत नाही.

पेशी का वाढतात?

शरीरात जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. हा जमाखर्च जुळला की अवयवाचा आकार कायम राहतो. उतारवयात या ग्रंथीत पेशी मरण्याचे प्रमाण कमी पडते आणि शिल्लक वाढत जाते. पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉन याचे एक विकर ग्रंथीतच अधिक प्रभावी संप्रेरकात रूपांतर करते. वयानुसार रक्तातील टेस्टोस्टेरॉन घटले तरी ग्रंथीतील हे संप्रेरक टिकून राहते व पेशींना वाढीस लावते.

याचा पुरावा एका दूरच्या खेड्यात मिळाला. डॉमिनिकन रिपब्लिक देशातील सॅलिनास गावच्या काही कुटुंबांतील पुरुषांत हे विकर जन्मतः कमी होते. १९७४ साली डॉ. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या पुरुषांची प्रोस्टेट लहानच राहत असे. त्यावरूनच विकर रोखणारे फिनास्टेराइड हे औषध पुढे आले.

ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिचे कर्करोगात रूपांतरही होत नाही. मात्र दोन्ही एकाच वेळी असू शकतात, म्हणून तपासणी हवीच.

लक्षणे

लघवीची धार बारीक होणे, सुरुवातीला कुंथावे लागणे, शेवटी थेंब थेंब येणे, पूर्ण मोकळे न वाटणे, रात्री तीन-चार वेळा उठावे लागणे. घरातील म्हातारा माणूस हे लाजेने सांगत नाही; 'वय झाले, चालायचेच' म्हणतो. मुलांनीच वडिलांना विचारावे.

आपल्या भागात या दुखण्याला आणखी एक धोका जोडलेला आहे. ताडोबालगतच्या गावांत रात्री अंधारात बाहेर जाणे म्हणजे साप, रानडुक्कर, प्रसंगी वाघाशी गाठ. अशा घरात म्हाताऱ्याच्या खाटेजवळ रात्री एखादे झाकणाचे भांडे ठेवावे. त्यात लाज कसली?

लघवी अचानक पूर्ण तुंबली तर तो तातडीचा प्रसंग समजावा. लगेच जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन नळीने लघवी काढून घ्यावी. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा गावांतील ज्यांना आधीच त्रास आहे, त्यांनी पावसाळ्यापूर्वीच तपासून घ्यावे. सर्दी-खोकल्याच्या काही गोळ्यांनी आणि दारूने, मग ती मोहाची का असेना, लघवी तुंबू शकते. दुकानातून परस्पर गोळी घेऊ नये. दुखणे अंगावर काढले तर मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात.

उपचार

टॅमसुलोसिनसारख्या गोळीने स्नायू सैल होऊन काही दिवसांत धार सुधारते. ती घेणाऱ्याने झटकन उभे राहू नये, चक्कर येते. फिनास्टेराइडने ग्रंथी आकसते, पण सहा महिने धीर धरावा लागतो. गोळ्यांनी न भागल्यास मूत्रमार्गातून दुर्बीण घालून, पोट न फाडता शस्त्रक्रिया करता येते.

संध्याकाळनंतर पाणी व चहा कमी घ्यावा, दिवसा मात्र पाणी तोडू नये. लघवीत रक्त दिसले, ताप आला किंवा हाडे दुखू लागली तर थांबू नये. वय थांबवता येत नाही, पण वेळेवर दाखवले तर नळी आणि धावपळ दोन्ही टळतात.